एकविसाव्या दिवसाची तारीख

आमच्या घरी नवं कालनिर्णय आलं की ते लगेच खुंटीला लागत नसे. आधी ते दवाखान्यात जायचं. आण्णा त्याची गुंडाळी करून पिशवीत घालायचे, मला सायकलच्या दांडीवर बसवायचे आणि आम्ही आरोग्य केंद्रात नर्सबाईंकडे जायचो. बाई चष्मा लावायच्या, लाल पेन काढायच्या आणि ओठांतल्या ओठांत मोजत डिसेंबरपर्यंत दर २१ दिवसांनी एकेक गोल करत जायच्या. वर्षाला १७ गोल, एखाद्या वर्षी १८. मग ते कालनिर्णय घरी यायचं. संकष्टी नि अमावास्या बघायला आलेल्या शेजारणींनाही त्या गोलांवरून कळायचं, की अमुक दिवशी पोरीची सुई आहे.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. १९७८ च्या पावसाळ्यात, मी १० वर्षांची असताना, माझा घसा दुखला आणि चार दिवसांत बरा झाला. त्याची कुणाला आठवणही राहिली नव्हती. दोनेक आठवड्यांनी उजवा गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा सुजला, मग कोपर. आईने निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. एका डॉक्टरांनी वाढीच्या वयातलं दुखणं म्हणून गोळ्या दिल्या. मला ताप यायला लागला, आणि विहिरीवरून घरी येईपर्यंत धाप लागायला लागली. तेव्हा आण्णांनी साताऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ती काढली नाही. संधिज्वर होता, आणि तो हृदयाच्या झडपेपर्यंत पोचला होता.

झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नव्हतं. पण घशात तो जंतू पुन्हा आला तर झडप आणखी बिघडणार होती, म्हणून तो येऊ द्यायचा नव्हता. त्यासाठी बेन्झाथिन पेनिसिलीनचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी घ्यायचं, आधी सहा लाख युनिट, वजन वाढल्यावर बारा लाख. किती वर्षं, असं आण्णांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, निदान २५ वर्षांची होईपर्यंत. आण्णा परतीच्या एसटीत एक शब्द बोलले नाहीत.

बाई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या होत्या. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. बुटक्या, काळ्यासावळ्या, पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. ज्यांनी हे इंजेक्शन घेतलंय त्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. बाटलीत पांढरी भुकटी असते, तिच्यात पाणी घातलं की दुधासारखं दाट औषध तयार होतं. ते सुईत बसतं, अडकतं. म्हणून सुई जाड घ्यावी लागते, आणि एकदा टोचली की हात थांबवायचा नसतो. बाई आधी हाताच्या कातडीखाली थेंबभर औषध टोचून बघायच्या, त्याभोवती पेनाने गोल काढायच्या आणि मला अर्धा तास बाकावर बसवायच्या. पुरळ नाही, खाज नाही अशी खात्री झाली की मग बाटली दोन्ही तळव्यांत धरून घुसळायच्या. थंड औषध जास्त दुखतं, म्हणून ती तळहातांची ऊब. उकळलेली काचेची सिरिंज, स्पिरिटचा वास, "पाय सैल सोड, बाळ," आणि मग कमरेतून पायापर्यंत उतरत जाणारी कळ. मी रडायची. त्या रडू द्यायच्या. रडू नको असं त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही.

तारखेच्या बाबतीत मात्र बाई कुणाचं ऐकत नसत. एकदा गोल नेमका यात्रेच्या दिवशी आला. आण्णा त्यांना म्हणाले, "बाई, उद्या आणली तर चालंल का? घरी पाव्हणं हैत."

"पाहुण्यांना बसवा जेवायला आणि पोरीला घेऊन या. तारीख म्हणजे तारीख, आण्णा."

यात्रेच्या दिवशी मी लंगडत पालखी बघितली.

१९८१ च्या आषाढातली गोष्ट. केंद्रातल्या बाटल्या संपल्या होत्या आणि वरून पुरवठा आला नव्हता. दुपारपर्यंत वाट बघून आम्ही घरी परतलो. संध्याकाळी अंधारून आलं, पाऊस धरून राहिला होता, आणि दारात बाई उभ्या. त्या दुपारच्या एसटीने साताऱ्याला गेल्या होत्या, औषधाच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने बाटली घेतली होती, आणि फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चिखलातून चालत आल्या होत्या. बाटली पदराच्या गाठीत होती. आईने स्टोव्हवर पातेल्यात सिरिंज उकळली. आण्णांनी कंदील धरला. कातडीखालची चाचणी झाली, अर्धा तास सगळे न बोलता बसलो, पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग इंजेक्शन. बाटली कितीला पडली ते बाईंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आण्णा पायलीभर वाघ्या घेवडा घेऊन गेले, तो मात्र त्यांनी ठेवून घेतला.

१९८५ साली मी बारावी झाले आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला पुण्याला गेले. हा विषय मी का घेतला असं लोक विचारत. सात वर्षांत १२० च्या आसपास सुया घेतलेल्या मुलीला तो जंतू बघावासा वाटणार नाही, तर काय! निघताना बाईंनी एक चिठ्ठी दिली होती. औषधाचं नाव, मात्रा, मागची तारीख, पुढची तारीख, आणि मागची सुई कोणत्या बाजूला दिली ते. तिच्याखाली एक ओळ: बाटली हातात गरम करून घ्यावी.

जंतू दिसला दुसऱ्या वर्षी. ग्रॅमच्या पद्धतीने जंतू रंगवायला आम्हाला शिकवलं ते खरं तर प्रयोगशाळेतल्या मामांनी. हान्स क्रिश्चन ग्रॅम हा डेन्मार्कचा डॉक्टर. १८८४ साली बर्लिनच्या रुग्णालयात न्यूमोनियाने गेलेल्या माणसांच्या फुप्फुसांत जंतू शोधताना त्याला ही पद्धत सापडली. ती अपुरी आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि तसं लिहूनच त्याने ती छापली. आज जगभरच्या तपासणी प्रयोगशाळांत रोज हेच करतात. काचेवर जंतूंचा पातळ लेप, त्यावर जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं, शेवटी लाल सॅफ्रानिन. सगळं कसब अल्कोहोलमध्ये आहे. चार सेकंद जास्त झाली की जांभळं असायला हवं ते गुलाबी होतं. मामा घड्याळ बघत नसत. काच तिरकी धरून खाली गळणाऱ्या थेंबाकडे बघत. "रंग गळायचा थांबला की पाणी. त्याच्या आधी नाही, नंतर नाही." चुकलेली काच ते मला पुन्हा धुवायला लावत आणि नवी देत. त्यांच्या शिस्तीत मला बाई दिसायच्या.

सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या त्या जंतूची, स्ट्रेप्टोकोकसची, जांभळी माळ दिसली, मणी मणी ओवल्यासारखी. ते जांभळेपण कुठून येतं हे बाईंच्या सुईशी जोडलेलं आहे, हे कळायला आणखी वर्ष गेलं.

पेशीभित्तिकेचा पाठ आमच्या प्राध्यापिका बाईंनी फळ्यावर चौकटी काढून शिकवला. मला तो समजला आमच्या परड्यातल्या बाजेवरून. आण्णा पावसाळ्याआधी बाज विणायचे. लांब दोऱ्या आधी ताणायच्या, मग आडव्या दोऱ्यांनी त्या एकमेकींना बांधत जायचं. जंतूच्या अंगाभोवतीची भिंत अशीच विणलेली असते. लांब दोऱ्या साखरेच्या. दोन प्रकारचे साखरेचे रेणू एकाआड एक ओवलेले. आडव्या गाठी अमिनो आम्लांच्या छोट्या तुकड्यांच्या. या विणीला पेप्टिडोग्लायकॅन म्हणतात. सबंध जंतूभोवती ती एकसंध असते, म्हणजे भिंत म्हटलं तरी ती आहे शिवण नसलेली एकच पिशवी. ही पिशवी कशासाठी? जंतूच्या आत क्षार, साखरा, प्रथिनं यांची इतकी दाटी असते की बाहेरचं पाणी सतत आत घुसू बघतं. स्ट्रेप्टोकोकससारख्या जंतूंमध्ये आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या २० पटींपर्यंत जाऊ शकतो. ट्रकच्या चाकातही हवा एवढी दाबलेली नसते. पिशवी नसेल तर जंतू फुगून फुटतो. जंतूला आकारही तीच देते. सळीसारख्या जंतूची भिंत काढून त्याला साखरेच्या दाट पाण्यात जपून ठेवलं, तर तो गोल गरगरीत होतो.

ग्रॅमच्या जांभळ्याचं उत्तरही इथेच आहे. काही जंतूंत ही वीण २० ते ८० नॅनोमीटर जाड असते, थरावर थर. अल्कोहोलने ती आकसते, भोकं मिटतात, जांभळा रंग आत कोंडला जातो. दुसऱ्या प्रकारात वीण काही नॅनोमीटरच जाड, आणि तिच्या बाहेर चरबीचं एक वेगळं आवरण. अल्कोहोल ते आवरण विरघळवतो, रंग वाहून जातो, मग सॅफ्रानिन चढून जंतू गुलाबी दिसतो. पटकी आणि विषमज्वराचे जंतू या दुसऱ्या घरातले. पेनिसिलीनला त्यांच्या विणीपर्यंत पोचायला ते बाहेरचं आवरण आड येतं. माझ्या जंतूला तशी आड नव्हती.

आता सुई. आडवी गाठ बांधायच्या आधी अमिनो आम्लांच्या तुकड्याच्या टोकाला अ‍ॅलनिनचे दोन रेणू असतात. आपल्या प्रथिनांत असतो तो अ‍ॅलनिन नव्हे, त्याचं आरशातलं रूप, डी-अ‍ॅलनिन. गाठ बांधणारं एन्झाइम शेवटचा अ‍ॅलनिन तोडतं आणि मोकळं झालेलं टोक शेजारच्या दोरीला बांधतं. १९६५ साली अमेरिकेत डोनाल्ड टिपर आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी दाखवलं, की पेनिसिलीनचा रेणू घडणीने या जोडगोळीसारखाच आहे. एन्झाइम फसतं, पेनिसिलीनला धरतं, आणि ते त्याला असं चिकटतं की हात मोकळाच होत नाही. विणणाऱ्याच्या बोटांना दोरीऐवजी डिंकाने माखलेली काडी मिळावी, तसं. आपल्या पेशींना ही भिंत नसते आणि या गाठीही नसतात, म्हणून तेच औषध माझ्या अंगात बारा लाख युनिट गेलं तरी पेशींना धक्का लागत नव्हता. ॲलर्जी तेवढी सांभाळायची, आणि त्यासाठीच तो पेनाचा गोल आणि बाकावरचा अर्धा तास.

पण गाठी बांधणं थांबलं म्हणून जंतू लगेच का मरावा? कारण त्याला वाढायचं असतं. बाज रुंद करायची तर काही दोऱ्या आधी सोडाव्या लागतात आणि त्या जागी नव्या घालाव्या लागतात. वाढणारा जंतू स्वतःची वीण स्वतःच कापतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत मंजुळा रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं, की इ. कोलाय या जंतूत आडव्या गाठी कापणारी तीन एन्झाइमं आहेत. तिन्ही नसली तर जंतू वाढूच शकत नाही, नवी दोरी घालायला जागाच होत नाही. या कामासाठी त्यांना २०१९ चं इन्फोसिस पारितोषिक मिळालं. आपल्या देशातल्या एका प्रयोगशाळेने इतक्या मुळाचं उत्तर शोधावं, याचा मला फार अभिमान आहे. पेनिसिलीन आलं की कापणं चालू राहतं आणि बांधणं बंद पडतं. वीण विरळ होत जाते आणि आतला दाब उरलेलं काम करतो.

त्यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. पेनिसिलीन विणत असलेल्या जंतूलाच मारतं. स्वस्थ पडून असलेल्या जंतूचं ते फारसं काही करू शकत नाही. म्हणजे जंतू घशात येईल आणि वाढायला लागेल, त्या घडीला औषध तिथे आधीच हजर असायला हवं. तो कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही. बेन्झाथिन पेनिसिलीन कमरेच्या स्नायूत साठून राहतं आणि थोडं थोडं रक्तात उतरतं. तीन आठवड्यांनी ते इतकं कमी होतं की पहारा उठतो. तारीख म्हणजे तारीख. यात्रेच्या दिवशी मला राग आला होता. तेव्हा बाई बरोबर होत्या, आणि किती बरोबर होत्या हे मला फळ्यावरच्या चौकटींनी आठ-नऊ वर्षांनी सांगितलं.

रोगाचं मूळही भिंतीतच होतं. रिबेका लॅन्सफील्ड न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये आयुष्यभर या एकाच जंतूवर काम करत राहिल्या. भिंतीतल्या साखरेवरून १९३३ साली त्यांनी स्ट्रेप्टोकोकसचे गट पाडले, माझा ‘अ’ गटातला. या जंतूच्या भिंतीत रोवलेलं एम नावाचं प्रथिन बाहेर केसांसारखं उभं असतं. शरीर त्याच्याविरुद्ध जी हत्यारं तयार करतं, ती काही मुलांत हृदयाच्या पेशींनाही शत्रू समजतात. जंतू केव्हाच गेलेला असतो, आणि भांडण हृदयात चालू राहतं.

त्या पावसाळी संध्याकाळचा अर्थही मला पुस्तकात सापडला. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलीन टोचलं. त्याला उतार पडू लागला. पण औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचत होते. तेही संपलं, आणि मार्चमध्ये तो गेला. आपल्याकडे पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात, १९५५ साली पेनिसिलीन बनायला लागलं. साताऱ्याच्या दुकानात १९८१ मध्ये बाटली मिळाली यामागे अशा कितीतरी लोकांचे हात आहेत, हे मी मानते. पण ती बाटली पदराला बांधून फाट्यावरून चालत आलेलं माणूस एकच होतं.

पुण्यात मी १९९३ पर्यंत सुया घेतल्या. झडपेतून थोडी गळती राहिली, ती वाढली नाही. मी शिकवायला लागले, लग्न झालं, मुलगी झाली.

बाई निवृत्त होऊन मिरजेला गेल्या होत्या. १९९६ साली मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या भाच्याकडे पुण्यात आल्या. डोळा बरा झाल्यावर मी त्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. मामांनी स्वतः काच रंगवून ठेवली होती आणि बाईंसाठी खुर्ची पुसून ठेवली होती. बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"माळ आहे गं ही."

मी त्यांना बाजेची गोष्ट सांगितली. लांब दोऱ्या, आडव्या गाठी, डिंकाची काडी, आतला दाब, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "मिरजेत आम्हाला शिकवलं होतं, पेनिसिलीन जंतू मारतं. कसं मारतं ते कुणी सांगितलं नाही. वेळेवर द्यायचं, एवढं सांगितलं होतं. मी तेवढं केलं."

मला बोलता येईना. तेव्हा त्यांनी मला जवळ घेतलं आणि त्यांच्या पूर्वीच्याच आवाजात विचारलं, "शेवटची तारीख कधीची होती तुझी?"

मी सांगितली. त्यांनी मान हलवली.

बाई २००९ साली मिरजेत वारल्या. दरवर्षी पेशीभित्तिकेचा पाठ मी बाजेपासून सुरू करते आणि त्यांच्यापाशी संपवते. आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत जुनी कालनिर्णयं निघाली, १९७९ ते १९८५, सगळ्यांवर लाल गोल. ती माझ्याकडे आहेत.

‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस आजही पेनिसिलीनला पूर्वीसारखीच दाद देतो. इतक्या वर्षांनंतरही असं ज्यांच्याबद्दल म्हणता येतं असे जंतू थोडे आहेत. तेव्हा एवढंच मागणं आहे. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचा गुडघा किंवा घोटा सुजला, तर निर्गुडी बांधा, पण त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि ज्यांच्या घरी हे इंजेक्शन घेणारं मूल आहे, त्यांनी एकविसाव्या दिवसाची तारीख चुकवू नये.